डिटेक्टरवरचं शून्य कधी खरं मानायचं? चार गॅसच्या पोर्टेबल डिटेक्टरचा वापर आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा. एका मोठ्या गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे एसटीपी आहे. कलेक्शन टँकमधला पंप अडकला किंवा गाळाच्या टाकीचं काम निघालं की ठेकेदाराचा माणूस आत उतरतो. त्यासाठी समितीनं चार गॅसचा पोर्टेबल डिटेक्टर घेतला आहे. वर्षातून एकदा तो कॅलिब्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर आकडे जुळवून घ्यायला जातो, सर्टिफिकेट येतं. चालू केला की ऑक्सिजन २०.९ आणि बाकी तिन्ही शून्य दिसतात. एवढं पुरेसं आहे का, आणि सेन्सर कधी बदलायचे?

पुरेसं नाही. चालू केल्यावर दिसणारे ते चार आकडे तुम्हाला जवळपास काहीच सांगत नाहीत. बरेचसे डिटेक्टर सुरू होताना स्वतःच ताज्या हवेवर झीरो करतात किंवा तुम्हाला बटण दाबून तसं करायला सांगतात. त्या क्षणी समोर जी हवा असेल ती स्वच्छ आहे असं धरून यंत्र ऑक्सिजन २०.९ वर आणि बाकीचे शून्यावर आणून ठेवतं. म्हणजे ते आकडे मोजलेले नसतात, मानून घेतलेले असतात. शिवाय शून्य दोन कारणांनी दिसतं: गॅस नाही म्हणून, किंवा सेन्सर मेला आहे म्हणून. पडद्यावर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. फरक कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे माहीत असलेला गॅस माहीत असलेल्या प्रमाणात सेन्सरवर सोडून बघणं. याला बंप टेस्ट म्हणतात, आणि ती वापराच्या प्रत्येक दिवशी, टाकीकडे जाण्याआधी करायची असते.

यंत्राच्या आत काय आहे ते आधी बघू, म्हणजे पुढचे नियम का आहेत ते आपोआप कळेल. चार वायू म्हणजे ज्वलनशील वायू, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड.

ज्वलनशील वायूचा सेन्सर बहुधा कॅटॅलिटिक बीडचा असतो. आत दोन इवले मणी असतात. एकावर उत्प्रेरकाचा लेप असतो आणि तो विजेनं तापवलेला असतो. हवेतला ज्वलनशील वायू त्या मण्यावर प्रत्यक्ष जळतो, मणी आणखी तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल टक्के एलईएलमध्ये, म्हणजे वायू पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाच्या टक्क्यांत, दिसतो. वायू जळायचा तर ऑक्सिजन लागणारच. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली गेला की हा सेन्सर कमी दाखवू लागतो. नायट्रोजन भरलेल्या किंवा कुजक्या वायूनं गच्च भरलेल्या टाकीत तो शून्याजवळही दाखवेल. म्हणून आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी, या क्रमानं रीडिंग वाचतात. ऑक्सिजनचा आकडा ठीक नसेल तर एलईएलच्या आकड्याला अर्थ नाही.

एलईएलच्या टक्क्यांबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. मिथेन हवेत आकारमानानं सुमारे ५ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, त्या पातळीला १०० टक्के एलईएल म्हणतात. म्हणजे पडद्यावर १० दिसलं तर हवेत मिथेन अर्धा टक्का आहे. पहिला अलार्म बहुतेक यंत्रांत १० ला आणि दुसरा २० ला असतो. हे आकडे मिथेनवर कॅलिब्रेट केलेल्या यंत्रासाठी आहेत. त्याच यंत्रासमोर एलपीजी किंवा पेट्रोलची वाफ आली तर यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं. प्रोपेनसाठी रीडिंगला साधारण दीडनं गुणावं लागतं, जड वाफांसाठी दुपटीच्या आसपास. नेमका गुणक तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. एसटीपीत मुख्यतः मिथेनच असतो, त्यामुळे मिथेनवरचं कॅलिब्रेशन तुमच्यासाठी योग्य आहे.

दुसरे तीन सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल. एका लहान डबीत द्रव इलेक्ट्रोलाइट आणि इलेक्ट्रोड असतात. वायू डबीच्या तोंडावरच्या पातळ पडद्यातून आत शिरतो, रासायनिक क्रिया होते, बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. जुन्या पद्धतीच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये शिशाचा इलेक्ट्रोड असतो आणि तो वापरात झिजतो. यंत्र बंद असलं तरी झिजतो, कारण ऑक्सिजन हवेत कायमच आहे. म्हणून "डिटेक्टर फारसा वापरलाच नाही, सेन्सर नवाच आहे" हे ऑक्सिजनच्या बाबतीत लागू पडत नाही.

आता ऑक्सिजनच्या आकड्याकडे जरा जवळून बघा, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. अलार्म १९.५ ला लावलेला असतो, त्यामुळे २०.१ दिसलं की "ठीक आहे" म्हणून माणूस पुढे जातो. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा आहे. दुसरा कोणता वायू हवेत घुसला तर तो सगळ्याच घटकांना सारख्या प्रमाणात बाजूला सारतो. म्हणजे ऑक्सिजन २०.९ वरून २०.८ झाला, फक्त ०.१ नं उतरला, तर हवेत सुमारे अर्धा टक्का, म्हणजे ५,००० पीपीएम (दहा लाख भागांत ५,००० भाग), काहीतरी परकं आलेलं असू शकतं. १९.५ चा अलार्म वाजेपर्यंत ते प्रमाण सहा टक्क्यांच्या वर गेलेलं असतं. तो परका वायू मिथेन असेल तर एलईएलचा सेन्सर ओरडेल, हायड्रोजन सल्फाइड असेल तर त्याचा सेन्सर ओरडेल. पण तो कार्बन डायऑक्साइड असेल तर? नेहमीच्या चार गॅसच्या यंत्रात त्याचा सेन्सरच नसतो. कार्बन डायऑक्साइडची जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी ४ टक्के आहे, आणि तेवढा तो मिसळला तर ऑक्सिजन साधारण २०.१ दिसतो. अलार्म नाही, दिवा नाही, काही नाही. कुजणाऱ्या गाळाच्या टाक्यांत हा वायू बनतोच. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत किण्वनाच्या टाक्यांमध्ये तर तोच मुख्य धोका, तिथे कार्बन डायऑक्साइडचा इन्फ्रारेड सेन्सर असलेलंच यंत्र हवं.

म्हणून माझं सांगणं असं: टाकीबाहेर २०.९ आणि आत २०.४ दिसलं तर तो "चालतंय" असा आकडा नाही. का उतरला याचं उत्तर मिळेपर्यंत कुणी उतरायचं नाही. एक निरुपद्रवी कारण असू शकतं, ते म्हणजे बाष्प. ३५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत बाष्पच साडेपाच टक्क्यांच्या आसपास असतं आणि कोरड्या हवेवर झीरो केलेलं यंत्र तिथे १९.७ च्या जवळ दाखवू शकतं. पण हे कारण शेवटी मानायचं. ब्लोअर लावून हवा बदला, पुन्हा मोजा, मग ठरवा.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल "वास येतोच की" असं म्हणणारे अजूनही भेटतात. कुजक्या अंड्याचा वास अगदी कमी प्रमाणात येतो हे खरं, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास येत होता आणि आता गेला, हे धोका टळल्याचं नाही, वाढल्याचं लक्षण असू शकतं. हीच १०० पीपीएमची पातळी जिवाला तत्काळ धोका मानली जाते, आणि ५०० च्या वर माणूस काही मिनिटांत कोसळतो. यंत्रातले अलार्म बहुधा १० आणि १५ ला असतात. "सारखा वाजतो" म्हणून ते वर सरकवून घेण्याची मागणी ठेकेदाराकडून येते. ती कधीही मान्य करू नका.

आता बंप टेस्ट. लागणारं सामान थोडं आहे: चार गॅसचं मिश्रण असलेलं कॅलिब्रेशन सिलिंडर, त्याला बसणारा रेग्युलेटर, छोटी नळी आणि यंत्रासोबत मिळालेली कॅलिब्रेशन कॅप. बाजारात सहज मिळणारं मिश्रण म्हणजे हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, मिथेन २.५ टक्के म्हणजे ५० टक्के एलईएल, ऑक्सिजन १८ टक्के, बाकी नायट्रोजन. ऑक्सिजन मुद्दाम १८ ठेवलेला असतो, म्हणजे कमी ऑक्सिजनचा अलार्मही त्याच वेळी तपासला जातो. फक्त नायट्रोजनमध्ये मिसळलेला मिथेन घेऊ नका. ऑक्सिजनशिवाय बीडवर तो जळणार नाही आणि चांगला सेन्सर नापास ठरेल.

यंत्र मोकळ्या हवेत चालू करा. मोकळी हवा म्हणजे जनरेटरच्या धुराड्यापासून, पार्किंगमधल्या चालू गाड्यांपासून आणि टाकीच्या झाकणापासून लांब. हे का महत्त्वाचं ते आकड्यांत बघा. हवेत २० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड असताना झीरो केलं, तर यंत्र त्या २० लाच शून्य समजतं. पुढे टाकीत खरे ५० पीपीएम असले तर पडद्यावर ३० दिसेल आणि ३५ ला लावलेला अलार्म वाजणार नाही. उलट, स्वच्छ हवेत आल्यावर एखादा आकडा उणे दिसू लागला तर झीरो घाण हवेत झालाय हे नक्की समजा आणि पुन्हा करा.

सेन्सर स्थिर झाले की कॅप नीट दाबून बसवा, रेग्युलेटर उघडा आणि पडद्याकडे लक्ष ठेवा. एलईएल आणि ऑक्सिजन आधी हलतात, पहिल्या १५-२० सेकंदांत. कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या मागोमाग. हायड्रोजन सल्फाइड सगळ्यात सावकाश चढतो, त्याला अर्धं मिनिट तरी द्या. आवाज, दिवा आणि कंपन तिन्ही चालू झाले पाहिजेत. एकच जरी गप्प राहिला तरी यंत्र नापास, कारण ब्लोअरच्या आवाजात बझर ऐकू येत नाही आणि मग कंपनच माणसाला वाचवतं. आकडे सिलिंडरवर लिहिलेल्या किमतीच्या जवळ यायला हवेत. किती जवळ ते पुस्तिकेत दिलेलं असतं, सहसा १० ते २० टक्क्यांच्या आत. २५ च्या जागी २२ आलं तर चालेल. १४ आलं तर अलार्म वाजला असला तरी पूर्ण कॅलिब्रेशन केल्याशिवाय यंत्र वापरात घ्यायचं नाही. सिलिंडर बंद करा, कॅप काढा, आकडे पुन्हा २०.९ आणि शून्यावर येईपर्यंत थांबा. कॅप यंत्रावर तशीच राहिली तर सेन्सरचं तोंडच झाकलेलं राहतं, हे लक्षात ठेवा.

रेग्युलेटरचा प्रवाह ठरावीक असतो, साध्या डिफ्यूजन यंत्रांसाठी (आत पंप नसलेल्या, हवा आपोआप आत शिरणाऱ्या) बहुधा अर्धा लिटर दर मिनिटाला. ५८ लिटरचं सिलिंडर या हिशेबानं मिनिटभराच्या शंभराहून जास्त चाचण्यांना पुरतं, म्हणजे खर्चाचं कारण फारसं टिकत नाही. आत पंप असलेल्या यंत्राला मात्र डिमांड फ्लो रेग्युलेटर लावा, जो पंप ओढेल तेवढाच गॅस देतो. प्रवाह गरजेपेक्षा जास्त झाला आणि सेन्सरवर दाब आला तर सेन्सर जास्त दाखवतो. त्याच स्थितीत कॅलिब्रेशन केलं तर यंत्र पुढे खऱ्या गॅसला कमी दाखवू लागतं. उलट कॅप सैल असेल आणि पंख्याची हवा आत शिरत असेल तर गॅस पातळ होतो, कॅलिब्रेशन चढं बसतं आणि यंत्र विनाकारण वाजत राहतं. विनाकारण वाजणारं यंत्र लोक बंद करून खिशात ठेवतात, तेव्हा ही चूकही साधी नाही.

नळीसुद्धा बघून घ्या. साधी रबरी किंवा पीव्हीसी नळी हायड्रोजन सल्फाइड शोषून घेते. २५ पीपीएमचा गॅस लांब रबरी नळीतून गेला तर सेन्सरपर्यंत कमीच पोचतो, आणि तुम्ही उगाच सेन्सर बदलत बसता. यंत्रासोबत आलेली किंवा आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली नळी वापरा, शक्य तेवढी आखूड. सिलिंडरची मुदतही पाहा. हायड्रोजन सल्फाइड असलेलं मिश्रण कालांतरानं उतरतं. मुदत संपलेल्या सिलिंडरनं कॅलिब्रेशन करू नये.

लायटरचा गॅस सोडून "वाजतोय, चालू आहे" अशी खात्री करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती सोडाच. लायटरमध्ये ब्यूटेन असतो. तो किती प्रमाणात सेन्सरवर गेला ते माहीत नसतं, नुसत्या वायूचा झोत बीडला इजा करू शकतो, आणि हायड्रोजन सल्फाइडच्या सेन्सरची यात तपासणी होतच नाही. त्याहून सूक्ष्म अडचण अशी की विषबाधा झालेला, म्हणजे सिलिकॉनसारख्या वाफेनं उत्प्रेरक निकामी झालेला बीड सगळ्यात आधी मिथेन ओळखणं सोडतो, कारण मिथेन जळायला सगळ्यात कठीण. तोच बीड ब्यूटेनला, हायड्रोजनला अजून प्रतिसाद देत असतो. म्हणजे लायटरनं पास झालेलं यंत्र मिथेननं भरलेल्या टाकीत शून्य दाखवू शकतं. तुमच्या टाकीत मिथेन आहे, तर चाचणीही मिथेननंच.

बंप टेस्ट म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. बंप टेस्टमध्ये यंत्र प्रतिसाद देतं का ते बघतो, कॅलिब्रेशनमध्ये आकडा सिलिंडरच्या किमतीवर आणून बसवतो. कॅलिब्रेशन किती दिवसांनी हे निर्माता ठरवतो, कुठे महिन्याला तर कुठे सहा महिन्यांनी. वर्षाला एकदा हे बहुतेक यंत्रांना कमीच पडतं. शिवाय बंप टेस्ट नापास झाली, यंत्र जोरात आपटलं, पाण्यात पडलं, यंत्राच्या मोजण्याच्या पट्टीबाहेरचा दाट गॅस लागला किंवा सेन्सर बदलला, तर तारीख न बघता लगेच. बाहेरून करून घेत असाल तर सर्टिफिकेटवर एक गोष्ट मागून घ्या: दुरुस्तीपूर्वीचं रीडिंग. नंतरचं रीडिंग बरोबर येणारच, ते बसवलेलंच असतं. आधीचं रीडिंग २५ च्या जागी ११ असेल तर याचा अर्थ गेले कित्येक महिने तुमचं यंत्र निम्म्याहून कमी दाखवत होतं.

टाकीजवळ जाण्याआधी एक गोष्ट. उतरणं टळत असेल तर टाळा. गाळ सक्शन टँकरनं काढता येतो. सबमर्सिबल पंप गाइड रेलवर बसवलेला असेल तर साखळीनं वर ओढून दुरुस्त होतो, आणि तशी व्यवस्था करून घेणं हा समितीचा सगळ्यात चांगला खर्च ठरेल. सुरक्षा साधनं आणि खबरदारीशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून समितीची जबाबदारी संपते असं समजू नका.

उतरावंच लागणार असेल तर झाकण उघडण्याआधी मोजायला सुरुवात करा. झाकणाच्या भोकातून नळी आत सोडा. झाकण ओढताना ठिणगी उडू शकते आणि आत काय साठलंय ते तोवर माहीत नसतं. यासाठी पंप असलेलं यंत्र किंवा हातपंप आणि नळी हवी. यंत्र दोरीला बांधून खाली सोडणं हा पर्याय चांगला नाही, कारण अलार्म वाजला तरी आकडा वाचता येत नाही. वर काढून पीक रीडिंग, म्हणजे आलेला सगळ्यात टोकाचा आकडा, बघता येतं, पण ते कोणत्या खोलीवर आलं ते कळत नाही.

नळी लावली की पंपाची चाचणी घ्या. नळीचं टोक बोटानं दाबून धरा. काही सेकंदांत पंप अडल्याचा अलार्म यायला हवा. आला नाही तर नळीत कुठेतरी गळती आहे आणि यंत्र टाकीतली नव्हे, तुमच्या पायाजवळची हवा ओढतंय. दोन सेकंदांचं काम आहे, पण फाटक्या नळीमुळे आलेलं शून्य फक्त इथेच सापडतं.

मग वेळ द्या. नळीतून हवा वर यायला प्रत्येक मीटरला सुमारे ३ सेकंद धरा, आणि त्यावर सेन्सर स्थिर व्हायला दोन मिनिटं. सहा मीटर नळी असेल तर एका पातळीला जवळपास अडीच मिनिटं. वरून खाली, साधारण दर सव्वा मीटरला थांबत जा. मिथेन हवेपेक्षा हलका म्हणून वर, हायड्रोजन सल्फाइड किंचित जड म्हणून खाली, असं सांगतात. पण उष्णता आणि हवेची हालचाल यांनी थर बदलतात, त्यामुळे सगळ्या पातळ्या मोजायच्याच. नळीचं टोक पाण्याला लागू देऊ नका. पाणी पंपात गेलं तर तो दिवस संपला. टोकाला जलरोधक फिल्टर आणि तरंगणारा फ्लोट असेल तर उत्तम.

ब्लोअर लावून हवा खेळवली असेल तर एक मोजणी ब्लोअर बंद करून काही मिनिटांनी घ्या. ब्लोअर चालू असताना त्याच्या झोतात सगळं छान दिसतं. आणि ब्लोअरचं ओढणारं तोंड डिझेल जनरेटरच्या धुराजवळ ठेवू नका, नाहीतर तुम्हीच टाकीत कार्बन मोनॉक्साइड भरता.

एवढं करूनही उतरण्यापूर्वीचं शून्य फक्त त्या वेळेपुरतं. शांत गाळात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला आणि अडकलेला असतो. माणसाचा पाय गाळात पडला, फावडं फिरलं की तो बुडबुड्यांनी बाहेर येतो आणि काही क्षणांत आकडा शून्यावरून शेकड्यांत जाऊ शकतो. म्हणून आत जाणाऱ्याच्या अंगावर यंत्र चालू असलंच पाहिजे, आणि ते छातीवर, कॉलरजवळ, नाकापासून साधारण वीतभर अंतरात, सेन्सरचं तोंड बाहेर करून. पट्ट्याला नाही, खिशात नाही, रेनकोटच्या आत तर नाहीच. वर थांबणाऱ्याकडे दुसरं यंत्र हवं. त्याशिवाय ट्रायपॉड, हार्नेस आणि दोरी, म्हणजे आतला माणूस कोसळला तर त्याला बाहेरूनच ओढता येईल. एक पडला म्हणून दुसरा धावून आत उतरतो आणि तोही पडतो. गटारांतल्या अपघातांत हेच पुन्हा पुन्हा घडतं.

अलार्म वाजला की बाहेर. आकडा बघत, बटण दाबून आवाज बंद करत थांबायचं नाही. एलईएलचा आकडा झटकन वर जाऊन पट्टीबाहेर गेल्याची खूण आली किंवा वर जाऊन पुन्हा खाली आला, तर गॅस संपला असं मुळीच समजू नका. मिश्रण इतकं दाट झालंय की बीडला जाळायला ऑक्सिजन उरला नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. बायोगॅससारख्या दाट वायूत हे होतं. ते यंत्र मोकळ्या हवेत आणून पुन्हा बंप टेस्ट करूनच वापरा. आणखी एक: पंधरा मिनिटांची आणि आठ तासांची सरासरी दाखवणारे अलार्म यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा शून्यापासून मोजतात. कामाच्या मध्येच बंद-चालू करू नका.

निगेचं म्हणाल तर सेन्सर खराब होण्याची बहुतेक कारणं रोजच्या वापरातलीच आहेत. सिलिकॉन हा बीडचा मोठा शत्रू. खिडक्यांना लावतात तो सिलिकॉन सीलंट, डॅशबोर्ड आणि टायर चमकवण्याचे स्प्रे, काही वंगणाचे स्प्रे आणि वॉटरप्रूफिंगची द्रव्यं यांची वाफ मण्यावर जळून काचेसारखा थर धरते. तो परत निघत नाही. संकुलात वॉटरप्रूफिंगचं काम चालू असताना यंत्र त्या खोलीत ठेवू नका. सॅनिटायझर, स्पिरिट, पातळ रंग, डासांचे स्प्रे यांनी कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर खोटं रीडिंग देतो. हायड्रोजनलाही तो तसाच फसतो, त्यामुळे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्ज होतात त्या खोलीत "कार्बन मोनॉक्साइड" दिसला तर तो हायड्रोजन असण्याची शक्यता आधी तपासा. यंत्र पुसायचं ते फक्त ओल्या फडक्यानं, फार तर सौम्य साबणाच्या पाण्यानं. फुंकणीनं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं सेन्सरची जाळी साफ करू नका, सेन्सरवरचा पातळ पडदा फाटतो.

जाळीवरचा फिल्टर चिखलानं किंवा पाण्याच्या थेंबानं बुजला तर गॅस आत जाऊच शकत नाही आणि रीडिंग शांत शून्य राहतं. प्रत्येक वापरानंतर तो उजेडात धरून बघा. डाग धरलेला किंवा कडक झालेला फिल्टर बदला, तो स्वस्त भाग आहे. यंत्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उन्हाळ्यात आतलं तापमान यंत्राच्या ५० अंशांच्या आसपासच्या मर्यादेपलीकडे सहज जातं आणि इलेक्ट्रोलाइट सुकतो. कोकणातल्या पावसाळ्यात उलट त्रास, दमट हवेत सेन्सर पाणी शोषून फुगतो आणि गळतो. कोरड्या, सावलीतल्या कपाटात ठेवा. बॅटरी निर्मात्यानं सांगितलेल्याच प्रकारची, आणि सेल बदलणं किंवा चार्जिंग नेहमी टाकीपासून लांब. यंत्र ठिणगी-सुरक्षित ठरवलेलं असतं ते त्या ठरावीक सेलसकट. यंत्र विकत घेतानाही स्फोटक वातावरणासाठीच्या मंजुरीची प्रत मागा. भारतात पेट्रोलियमच्या धोक्याच्या जागांसाठी ती नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची) असते.

सेन्सर कधी बदलायचे? शिशाचा ऑक्सिजन सेन्सर साधारण दोन वर्षं, नव्या शिसेविरहित प्रकारचा त्याहून बराच जास्त. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडचे दोन-तीन वर्षं सहज, चांगले असतील तर पाचपर्यंत. बीड तीन ते पाच वर्षं, जर विषबाधा झाली नाही तर. पण वर्षांवर जाऊ नका, बंप टेस्टच्या आकड्यांवर जा. एक वही ठेवा: तारीख, सिलिंडरचा क्रमांक आणि मुदत, चारही आकडे, किती सेकंदांत अलार्म आला, कुणी केलं. हायड्रोजन सल्फाइड २५, २४, २२, १९ असा महिन्यामहिन्यानं उतरत गेलेला दिसला किंवा चढायला लागणारा वेळ वाढत गेला, तर तो सेन्सर आताच मागवा. कॅलिब्रेशननं आकडा वर आणता येतो, पण सेन्सरमधली उरलेली ताकद त्यानं वाढत नाही.

नवीन सेन्सर साठवून ठेवू नका, त्यांच्या पाकिटावरही मुदत असते. बसवल्यावर पुस्तिकेत सांगितलेला वेळ स्थिर होऊ द्या, ऑक्सिजनला बहुधा अर्धा तास पुरतो. मग झीरो, मग कॅलिब्रेशन, मग बंप टेस्ट, आणि वहीत नवी ओळ. तुमच्या बाबतीत आजच करण्यासारखं म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी यांची ऑर्डर. ते येईपर्यंत त्या डिटेक्टरच्या भरवशावर कुणालाही टाकीत पाठवू नका.